साखराबाईंची तक्रार

सोमवारी सकाळी साखराबाई केळीच्या बागेत आल्या आणि बांधावरच मटकन बसल्या. घड लागलेली साठ झाडं कुणीतरी रात्रीतून बुडापासून कापून आडवी केली होती.

त्यांचा मुलगा भुजंग आधीच पोचला होता. अर्धापूरहून पोलीसही त्यानंच बोलावले होते. जमादार पंचशीलाबाई वही उघडून उभ्या होत्या. बागेतला गडी ग्यानोबा मान खाली घालून बसला होता.

"मावशी, हा कोयता झाडांत सापडला. ग्यानोबाचाच ना?"

"हाव."

"मग सही करा. याला आत घालते."

सात वर्षांपूर्वी ग्यानोबानं दारूच्या नशेत टेम्पो हाकला आणि साखराबाईंचा नवरा त्याखाली गेला. शिक्षा भोगून तो त्यांच्या दारात येऊन रडला. त्यांनी त्याला माफ केलं, वर कामही दिलं. गावानं तोंडात बोटं घातली. गेल्या ईस्टरला भुजंगनंही चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर त्याला मिठी मारली. "प्रभूनं मला क्षमा केली, मी तुला केली," म्हणाला. त्या दिवशी साखराबाई सुखानं रडल्या होत्या. आज सही केली, की तो माणूस कायमचा संपणार होता.

"जरा दम धरा, मॅडम."

त्यांनी कोयत्याचं पातं उन्हात धरून पाहिलं. मग पडलेल्या झाडांमधून ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

"ग्यानोबा, कोयता कुठं होता?"

"मोटारीच्या खोलीत, माय. कुलपात."

"किल्ली?"

"एक माझ्यापाशी, एक भुजंगदादापाशी."

"भुजंग, काल चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर का घेतली न्हाईस?"

भुजंग चपापला. "पोट बिघडलं होतं."

"घरी येऊन मटण दोनदा मागून घेतलंस की."



"मावशी, त्याचा इथं काय संबंध?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"सांगते. केळीचा चीक लई चिवट. चार झाडं तोडली तरी पातं काळं पडतं, पाण्यानं निघत न्हाई. हा कोयता बघा, लखलखून राहिलाय. म्हणजे कापलं दुसऱ्या कोयत्यानं, अन् हा मागून आणून टाकला. आता ठिबकच्या नळ्या बघा. झाडं पाडायच्या आधी एकूण एक नळी उचलून बाजूला ठेवलीय. सूड घ्यायला आलेला गडी नळ्या कशाला जपंल? ज्याला पुढच्या साली हितंच पाणी द्यायचंय, तो जपतो."

"आणि प्रभुभोजन?"

"मनात वैर धरून ती भाकर खाऊ नये, आधी भावाशी समेट करावा, अशी आमची शिकवण हाय. भुजंगनं आजवर कधी चुकवली न्हाई. काल हातात आलेलं ताट तसंच पुढं सरकवलं. पोलिसाचं भ्या न्हाई वाटलं त्याला, त्या भाकरीचं वाटलं. कालच त्याचं ठरलं होतं."

भुजंगचा चेहरा उतरला.

"त्यानं माझा बाप मारला, माय. तू त्याला ताट वाढायलीस. माझ्या मनात काय हाय, ते इचारलंस कधी? ती मिठीबी तूच मारायला लावलीस."

 साखराबाईंनी खरंच कधी विचारलं नव्हतं. पण पोटच्या पोरानं देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलावं आणि आपल्याच आईच्या हातानं निर्दोष माणसाला तुरुंगात धाडावं? नवरा गेला ते दुःख होतं, ही फसवणूक होती.

"चुकलं माझं," भुजंग म्हणाला. "मला माफ कर, त्याला केलंस तसं."

"केलं. पण माझ्या दारात यायच्या आधी त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला होता."

ग्यानोबा हात जोडून पुढं आला. "मॅडम, माझं काई म्हणणं न्हाई. सोडून द्या दादाला."

"तुझी माफी तू दे," साखराबाई म्हणाल्या. "बाग माझी हाय. लिहा, मॅडम."

"आरोपीचं पूर्ण नाव?"

साखराबाईंनी मुलाचं नाव सांगितलं. त्यापुढं बापाचं नाव सांगताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.