सगळं गाळणारी गाळणी

मासे ठणठणीत, पाणी आरशासारखं नितळ, आणि तरीही आठ दिवसांत तीन गोगलगाई मेल्या! आहे की नाही डोकं चक्रावून टाकणारी गोष्ट? समिधा कुबलला तर जेवण गोड लागेना.

ही हकिगत सन २०६४ मधली, मालवणची. समुद्र वर्षानुवर्षं तापत गेला आणि किनाऱ्याजवळचे बहुतेक प्रवाळ (वसाहत करून राहणारे इवलेसे समुद्री प्राणी) पांढरे पडून मेले. उरलेसुरले वाचवायला प्रवाळ केंद्राने गावातल्या वीस घरांना बोटभर लांबीचा एकेक तुकडा सांभाळायला दिला. सोबत एक काचपेटी, खारं पाणी, दोन मासे आणि शेवाळ खाणाऱ्या तीन गोगलगाई. दिवाळीनंतर पहिली होडी निघणार होती. जे तुकडे धडधाकट असतील ते तिच्यातून जाऊन समुद्रातल्या खडकावर पुन्हा रुजणार होते. आपला तुकडा त्या होडीत असलाच पाहिजे, असा ध्यास समिधाने घेतला होता. वर्षभर तिने त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं.

आणि आता दिवाळी दोन महिन्यांवर आलेली असताना त्या तुकड्यावरची फुलांसारखी तोंडं मिटली होती. एक टोक पांढरं पडू लागलं होतं.

पहिली गोगलगाय मेली तेव्हाच समिधाने हट्ट करून बाजारातला सगळ्यांत मोठा फिल्टर आणवला होता. खोक्यावर ठसठशीत अक्षरं होती, ‘सगळी घाण काढतो!’ तो फिल्टर दिवसरात्र घरघरत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बाकीच्या दोघी गेल्या.

“आजोबा, आता याहून मोठा फिल्टर मिळत नाही हो,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

तिचे आजोबा, डॉ. सदानंद कुबल, यांनी उभं आयुष्य समुद्राच्या पाण्याचं रसायन अभ्यासण्यात घालवलं होतं. माणूस तसा शांत, पण खोक्यावरची ओळ वाचून त्यांचं टाळकंच सरकलं.

“सगळी घाण म्हणे! सगळं गाळणारी गाळणी अजून जन्माला यायचीय गो. चहाची गाळणी चोथा अडवते. साखर अडवते का?”

“साखर कशी अडेल? ती विरघळलेली असते.”

“मग? फिल्टर घेताना कोणता मोठा हे विचारायचं नसतं. काय काढायचंय, ते आधी विचारायचं.”

आजोबांनी फिल्टर उघडला. आत नुसता जाडजूड स्पंज होता. स्पंज अडवतो ते डोळ्यांना दिसणारं, म्हणजे उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा. पण मासे पाण्यात अमोनियाही सोडतात (हा विरघळणारा विषारी पदार्थ असतो), आणि तो स्पंजच्या भोकांतून आरामात निघून जातो. त्याला पकडतात जिवाणू.

“हा पेटीतला खडक बघ. याच्या फटीफटींत कोट्यवधी जिवाणू राहतात. ते अमोनिया खातात आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करून टाकतात. खरा फिल्टर हाच. याला वीज लागत नाही, खोकंही लागत नाही.”

“आणि ते फेस काढणारं यंत्र? दुकानदार त्याचं फार कौतुक करत होता.”

“ते बारीक बुडबुडे सोडतं. खाऱ्या पाण्यातली विरघळलेली चिकट घाण बुडबुड्यांना धरून वर येते. मोठ्या टाकीला उत्तम. पण तुझ्या एवढ्याशा पेटीला दर आठवड्याला बादलीभर पाणी बदललं तरी पुरे.”

“मग माझ्या पेटीत आहे तरी काय?”

“ते कुर्लीला विचारू.”

कुर्ली म्हणजे केंद्राने प्रत्येक घरी दिलेला तपासनीस यंत्रमानव. खेकड्यासारखी चालायची, म्हणून गावाने तिला हे नाव ठेवलं. सांगितल्याशिवाय ती धातू तपासत नसे. तिने एक पाय पाण्यात बुडवला.

“अमोनिया नाही. नायट्रेट कमी. क्षार योग्य.”

“धातू बघ,” आजोबा म्हणाले.

कुर्लीने दुसरा पाय बुडवला. “तांबं. समुद्राच्या पाण्यात असतं त्याच्या कितीतरी पट.”

समिधाचा चेहरा पांढराफटक पडला. पेटीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी भरून काढायला गोडं पाणी घालावं लागतं. केंद्राने त्यासाठी कॅन दिले होते. पण समिधाच्या घरी पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवत. सगळे म्हणत, याच्याइतकं चांगलं पाणी नाही. महिन्याभरापासून ती त्यातलंच तांब्याभर पाणी रोज पेटीत घालत होती.

“मला वाटलं, आपण पितो तेच चांगलं पाणी त्यांनाही द्यावं,” ती कशीबशी म्हणाली. “मीच मारलं त्यांना, आजोबा.”

आजोबांनी तिला जवळ घेतलं. खोटं मात्र बोलले नाहीत. “हो बाळा, त्याच पाण्याने मेल्या. आपल्याला तेवढं तांबं सोसतं, माशांनाही सोसतं. गोगलगाईंना आणि प्रवाळाला सोसत नाही. पाणी उडालं तरी तांबं मागे राहतं, आणि तू रोज नवं घालत होतीस.”

मग इलाज ठरला. मोठा फिल्टर काढून छोटा लावायचा. त्यात थोडा स्पंज, कोळशाची पुडी आणि धातू धरून ठेवणारे खास मणी. शिवाय केंद्राचं खारं पाणी आणून रोज थोडं पाणी बदलायचं.

“पांढरं टोक असलेला तुकडा पहिल्या होडीने जात नाही,” कुर्ली म्हणाली. “नोंद केंद्राला पाठवू का?”

समिधाला वाटलं, नोंद पाठवली नाही, तर? दोन महिन्यांत टोक सावरलं तर कुणाला कळणारही नव्हतं. तिने आजोबांकडे पाहिलं. मग तिच्या मनात आलं, की गावात हंडा नाही असं घर कुठलं? बाकीच्या एकोणीस पेट्यांत कोण काय घालत असेल?

“पाठव,” ती म्हणाली. “आणि हंड्यातलं पाणी घालू नका, असं सगळ्यांना कळव. माझं नाव घालून कळव.”

संध्याकाळपर्यंत सहा घरांतून निरोप आले. सहाही घरी हंड्याचंच पाणी, सहाही घरी गोगलगाई मेलेल्या. होडी चुकेल या भीतीने सगळे मूग गिळून बसले होते. नशिबाने त्यांचे तुकडे अजून पांढरे पडले नव्हते.

दिवाळीनंतर होडी निघाली तेव्हा समिधा धक्क्यावर उभी होती. तुकड्यांचा एकेक डबा तिने आपल्या हाताने होडीत दिला. सोळा डबे होते, आणि त्या सहा घरांचे सहाही त्यांत होते. तिचा नव्हता. होडी लांब गेल्यावर ती रडली, आजोबांसमोर, मोठ्याने.

घरी आल्यावर तिने पेटीतला दिवा लावला. टोक पांढरंच होतं, पण त्याच्या खालची दोन तोंडं उघडली होती. एवढीशी, मोहरीएवढी.

समिधा काचेजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, “घाई नको करूस हं. आपण पुढच्या होडीने जाऊ.”