वरच्या वस्तीत कुणीच राहत नाही

धुकं इतकं दाट होतं, की टाकीच्या पायऱ्या चाचपतच ती उतरली. बाटली पाण्यात बुडवणार, तोच मागून आवाज आला, "ते पिऊ नका!"

ती दचकली. मागे वळून पाहिलं, तर इथला पंपवाला. हातात पाना, केसांवर दवाचे थेंब.

"प्यायला नाही, तपासायला नेतेय. प्रयोगशाळेतून आलेय. गावात मुलं आजारी पडताहेत ना..."

"वर गुरं चरतात. त्यांचीच घाण, दुसरं काय!"

"कशावरून? गाईच्या पोटातले जंतू वेगळे, माणसाच्या पोटातले वेगळे. त्यांच्या जनुकांत खूण असते, ती बरोबर सांगते घाण कुणाची ते."

"बाप रे! म्हणजे तुमच्यापासून काही लपवायची सोय नाही."

"लपवण्यासारखं... आहे काही?"

तो नुसताच हसला. तिचे कान उगाचच गरम झाले.

पुढच्या आठवड्यात निकाल ऐकून मात्र त्याचं हसू मावळलं.

"माणसाची? शक्यच नाही! दरड कोसळल्यापासून वरच्या वस्तीत कुणीच राहत नाही." तो अडखळला. "माझा दादा त्यातच गेला... सापडलाही नाही."

"मी पुन्हा पुन्हा तपासलंय," ती हळूच म्हणाली. "वर कुणीतरी आहे."

दोघं चढून गेले. वर पाखराचाही आवाज नव्हता. अर्धी गाडली गेलेली घरं, सताड उघडी दारं. शेवटच्या घरातल्या चुलीत तिने हात घातला, तर राख कोमट! दोरीवर ओला शर्ट. मागे, खालच्या टाकीत उतरणाऱ्या झऱ्याच्या अगदी काठावर, शौचासाठी नुकताच खणलेला खड्डा.

"चल इथून," तो कुजबुजला. तिचा हात त्याने कधी धरला, दोघांनाही कळलं नाही.

माळ्यावर कुणीतरी खोकलं.

"बारक्या..."

त्याने वर पाहिलं. "दादा?"

अंधारातून दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला माणूस उतरला. "त्या दिवशी दरडीचा इशारा द्यायला भोंगा वाजवायची पाळी माझी होती. मी घाबरून पळालो रे. माणसं मेली. कुठल्या तोंडाने खाली येऊ?"

ती म्हणाली, "दादा, तुमच्या खड्ड्यातली घाण झऱ्यात उतरतेय. त्या पाण्याने खाली मुलं आजारी पडलीत."

"माझ्यामुळे?" तो मागच्या दारातून खड्ड्याकडे बघत राहिला. "पुन्हा?"

मग तो त्यांच्यामागून गावात उतरला.

घरी आईने दार उघडलं. किंचाळली नाही, रडली नाही. थोरल्याचा चेहरा बोटांनी चाचपत राहिली. पंपवाला आणि ती बाहेर पायरीवर बसली.

"तुला भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"वाटली की! पण तू हात सोडला नव्हतास..."

एवढ्यात दादा बाहेर आला. "ज्यांची माणसं गेली, त्यांच्या दारात जाऊन येतो. मारतील, तर मारू देत."

"एकटा नको जाऊस." पंपवाला उठला. दोन पावलं गेला आणि वळला. "तू... थांबशील? आजच्यापुरतं नाही म्हणत मी."

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, पायरीवर ऐसपैस मांडी घातली.

"जाऊन ये," ती म्हणाली. "आणि मग मला इथून उठवून दाखव."