पहिल्या भरतीचा बांध

पहिल्यांदाच गेम करायला बसलेल्या माणसाने कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, हे इंटरनेटवर कधी विचारू नये. दहा जणांची दहा उत्तरं येतात आणि अकरावा येऊन त्या दहांना मूर्ख ठरवतो. एक म्हणाला, मोठंच घ्या, नोकरी त्याच्यावर मिळते. दुसरा म्हणाला, फुकटचं आणि हलकं घ्या. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं, ताई, तुम्हाला कोडिंग येत नाही, तर शाळेतली मुलं ठोकळे जोडून करतात ते घ्या आणि सुखी राहा. मला नोकरी नको होती. उरणला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात माझी चांगली चालली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून रजा टाकून मी गावी आले होते. मला एकच गेम करायचा होता, आणि खेळणाराही एकच होता.

आमचं गाव खारेपाटात, पोयनाडच्या पलीकडे. इथली भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. मध्ये चिखलाचा एक लांबलचक बांध आहे म्हणून भात पिकतं. खेकड्यांनी बिळं केली की बांध झिरपतो, झिरपला की फुटतो, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन काही वर्षं कामातून जाते. माझे वडील नामा म्हात्रे यांचं आयुष्य त्या बांधावर चिखलाचे गोळे थापण्यात गेलं. आता त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं गेलं होतं, नुसता हुंकार यायचा. अलिबागच्या व्यायामवाल्या डॉक्टरने हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो मांजराला दिला.

चेंडू नको असेल तर बांध देऊ, असं मला वाटलं. पडद्यावर बांध, समोर खाडी, भरती आली की कुठेतरी पाणी झिरपायला लागणार. तिथे बोट दाबलं की चिखलाचा गोळा पडणार. बोटं हलली तर माणूस हलेल, असा माझा साधा हिशोब होता. माझा स्वभाव असाच आहे, सगळ्याचा ताळेबंद लागला पाहिजे.

सुरुवात मी मोठ्या सॉफ्टवेअरपासून केली, कारण नवशिक्याला मोठ्याचीच हौस असते. ते उतरवून घेण्यातच अख्खी दुपार गेली आणि लॅपटॉप इतका तापला की त्यावर भाकरी भाजली असती. तरी शिकवणीचे व्हिडिओ बघत मी एक तपकिरी बांध उभा केला. त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि ते वर चढावं, मग उतरावं एवढं जमवलं. गेम चालू करून मी वाळत घातलेली सुकट काढायला अंगणात गेले.

परत आले तेव्हा पाणी बांधाच्या कडेला लागलं होतं आणि बांधावर एक माणूस उभा होता. पाठमोरा, तोंड खाडीकडे.

मला भीती वगैरे वाटली नाही, राग आला. ही सॉफ्टवेअरं फुकटचे पुतळे देतात, हे मी वाचलं होतं. मी गेममधल्या वस्तूंची यादी उघडली. बांध, पाणी, उजेड, कॅमेरा. माणूस यादीत नव्हताच. बंद करून पुन्हा उघडलं तर पडद्यावरूनही गेला होता.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "यांच्या पायांना चिखल कोनी लावला गो?"

बाबा खाटेवर पडलेले होते तसेच होते. घोट्यांपर्यंत पाय राखाडी चिखलाने माखले होते. तो अंगणातला चिखल नव्हता. दिवस उन्हाळ्याचे, अंगण कोरडं ठणठणीत. त्याला खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास येत होता. माझा चुलतभाऊ परेश कधीकधी बाबांना उचलून बाहेर खुर्चीत बसवतो, म्हणून त्याला फोन केला. तो डंपर घेऊन पेणला होता. मग कोणी शेजारपाजारचं औषध म्हणून लावून गेलं असेल, असं मी आईला सांगितलं. आईने पाय धुतले.

पुढचे काही दिवस ते सॉफ्टवेअर सारखं अडकत होतं. खरं तर चूक माझी असणार, नाचता येईना अंगण वाकडं. पण नवशिक्याला अंगण बदलायची सोय असते, म्हणून मी दुसरं घेतलं. हलकं, फुकटचं, पटकन उघडणारं. पहिल्यातलं काहीही त्यात आणलं नाही. बांध पुन्हा पहिल्यापासून काढला, या वेळी उघाडीसकट. उघाडी म्हणजे बांधातला तो दरवाजा, ज्यातून ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात. दुपारची जेवणं झाल्यावर गेम चालू केला आणि भांडी घासायला उठले.

पाणी चढलं तेव्हा तो पुन्हा उभा होता. या वेळी त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि उजवा खांदा खाली पडलेला होता.

हा खांदा मी काढलेला नव्हता. मला काढताही आला नसता.

मी आतल्या खोलीत गेले. बाबांचे डोळे उघडे होते. लुंगी गुडघ्यांपर्यंत ओली होती. मागोमाग आलेल्या आईला वाटलं, लघवी झालेली त्यांना कळली नाही. "असूं दे, असूं दे," म्हणत ती लुंगी बदलायला लागली आणि मध्येच थांबली. तिने ओला हात नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या पाण्याला खाडीचा वास होता.

संध्याकाळपर्यंत बाबांना खोकला लागला, अंग तापलं. पोयनाडहून डॉक्टर आले. छाती भरलीय म्हणाले. "यांना गारठा अजिबात लागता कामा नये. अजून एकदा असं झालं तर हे शरीर सोसणार नाही." उन्हाळ्यात गारठा कुठून लागला, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी काढून ठेवलेला पडद्याचा फोटो उघडून मी तो माणूस कुठून येतो ते शोधत होते.

"ह्यो कोन उबा हाय?"

"कोणी नाही. चुकून येतो."

"नवा बांद हाय ना ह्यो?"

"खोटा आहे गं आई. चित्र आहे."

"पानी लावलंस ना त्याला? मंग पानी चढलं तवा तू कुठं होतीस?"

मी भांडी घासत होते, असं म्हणाले. आईने कपाळाला हात लावला.

मग तिने जे सांगितलं ते मी लहानपणी कधीतरी ऐकलेलं असणार. आमच्या गावात नवा बांध पहिल्या भरतीला एकटा ठेवत नाहीत. ज्याने घातला त्याने त्याच्यावर उभं राहायचं, पाणी चढून उतरेपर्यंत. त्याला जमलं नाही तर घरातलं दुसरं कोणीतरी उभं राहतं. एकदा ती भरती गेली की बांध आपल्या पायावर उभा राहतो, मग बघायला नको.

"तू उबी रायली नाय," आई म्हणाली. "घरातलं दुसरं कोन रायलं बग."

मी तिला ओरडले. म्हणाले, ते खाटेवर कुशीलाही वळत नाहीत आणि तू काय बोलतेस. ओरडले, कारण मला भयंकर भीती वाटली होती. भीती वाटली की मी ओरडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

बाबांचा ताप उतरला. मला मात्र जेवण जाईना. त्या दोन बांधांवर मी पुन्हा पुन्हा पाणी चढवून पाहिलं, कोणी आलं नाही. ताळेबंद लावायचा तर नवा बांध घालायला हवा होता, आणि या खेपेला बाबांना नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. मी तिसरं सॉफ्टवेअर घेतलं, मुलांचं, ठोकळ्यांचं. त्यात सगळं सपाट. पाणी म्हणजे निळी पट्टी, बांध म्हणजे तपकिरी पट्टी, आणि बाणांच्या बटणांनी चालणारी निळ्या फ्रॉकातली एक मुलगी, म्हणजे मी. यात खांदा पडलेला माणूस लपायला जागाच नव्हती.

भर दुपारी मी बाबांच्या खाटेवर बसले. लॅपटॉप मांडीवर, डावा हात त्यांच्या पावलावर. पाऊल कोरडं होतं, गरम होतं. बाबा छताकडे बघत होते. आई दारात उभी राहिली.

मी पाणी सोडलं.

निळी पट्टी चढायला लागली. बांधावर कोणी नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा माझ्या हाताखालचं पाऊल गार पडलं.

पडद्यावर चौकोनांचा एक माणूस उभा होता. एक बाजू दुसरीपेक्षा एका चौकोनाने खाली.

बाबा हलले नव्हते. त्यांचं पाऊल माझ्या मुठीत होतं आणि माझ्या बोटांमधून पाणी वाहत होतं. गादी भिजली. पाणी खाटेखाली टपटपायला लागलं. बाबांचा श्वास घुरघुरायला लागला.

"मृणाली," आई म्हणाली. "उबी रा."

लॅपटॉप मिटायची माझी छाती झाली नाही. बाण दाबून धरला. निळ्या फ्रॉकातली मुलगी बांधाच्या टोकापासून चालायला लागली. इतकी सावकाश चालत होती, तिचा वेग मीच ठरवला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन थांबली.

"बाबा, मी आले," मी मोठ्याने म्हणाले. "तुम्ही घरी चला."

चौकोनांचा माणूस तिथे नव्हता.

पाऊल हळूहळू ऊब धरायला लागलं. निळी पट्टी वर टेकली आणि उतरायला लागली. ती तळाला जाईपर्यंत मी बटणावरचं बोट काढलं नाही. आईने गादी बदलली.

माझं सॉफ्टवेअर ठरलं ते असं. इंटरनेटवर कोणी विचारलं तर मी काय सांगू?

नंतर सगळं चांगलंच झालं. त्याच बांधावर रोज पाणी चढत-उतरत राहिलं आणि कोणी आलं नाही. मी हळूहळू झिरपणारी बिळं केली, चिखलाचे गोळे केले. सवयीने मुलीला बांधावर उभी करून गेम फोनवर चालू केला आणि फोन बाबांच्या उजव्या हाताखाली ठेवला. पहिल्यांदा नुसतं मनगट सरकलं. मग अंगठा. एका सकाळी त्यांनी गोळा नेमका बिळावर टाकला आणि घशातून खरखरल्यासारखे हसले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही रडले, पण मी तिथेच रडले.

परेश आला आणि बराच वेळ खेळत बसला. "ताई, मना दे ना. गनपती मंडळाच्या पोरांना दावतो. आपल्या बांदावरचा गेम कोनी केलाय का आजवर?" मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. घाबरायचं कारणही दिसेना. बांध तोच होता, पहिली भरती केव्हाच सोसलेला. मी त्याला गेम पाठवून दिला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. तो रेवदंड्याला होता, मागे होड्यांच्या इंजिनांचा आवाज येत होता.

"ताई, धमाल केलीयस तू! मी ग्रूपवर टाकला आनि पोरांनी लगेच फुडं धाडला. आगरदांड्याला गेला, मानगावला मामाकडं गेला. आता समदी उघडून बसलीत." त्याने आवाज खाली आणला. "येक इचारू? त्यात तू काकांना कशाला उबं केलंय? तुज्या फोनवर तर ते नव्हते."

तेव्हा लख्ख कळलं. गेम एकच होता, पण प्रत्येक फोनवर तो बांध नव्यानेच घातला जात होता.

"परेश, सगळ्यांना सांग, गेममधली मुलगी बांधावर उभी करा. पाणी उतरेपर्यंत उभी ठेवा. कोणी मध्येच बंद करू नका."

"कोन आयकतंय गो? जरा खेलतात नि बंद करतात. आनि कोनाकोनाला सांगू? फुडं कुठं कुठं गेलाय, मनाच म्हाईत नाय."

मी आतल्या खोलीकडे धावले.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. आधाराशिवाय, दोन्ही पाय खाली सोडून. छातीपर्यंत भिजलेले होते. जमिनीवर पाणी होतं आणि ते हळूहळू उंबऱ्याकडे येत होतं. बाबा भिंतीकडे बघत होते, लांबवर बघावं तसं.

झटक्यानंतर पहिल्यांदाच ते बोलले. आवाज स्वच्छ होता, दमलेला होता.

"बाय, आनखी किती बांद हायत गो?"