डावीकडचा हात

रुद्रेश पहिल्यांदा दवाखान्यात आला, तो सौंदर्याच्या पायावर पाय देऊनच.

"आई गं! डोळे हायत का न्हाईत, पावणं?"

"तेच तपासायला आलोय की!"

राजारामपुरीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सौंदर्या तपासण्या करायची. ती हसली... आणि तिथंच फसली. रुद्रेश कबनूरचा, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. त्याच्या वडिलांची, चन्नवीर आण्णांची, नजर काचबिंदूनं पार गेलेली. म्हणून यालाही दर सहा महिन्यांनी बोलावणं. येताना रुमालात तिच्यासाठी भाजक्या शेंगा ठरलेल्या!

अंधाऱ्या खोलीत समोर बघत, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी. रुद्रेश दरवेळी पास.

"समोर बघा," ती दटावायची.

"समोर काय हाय बघण्यासारखं?"

मग दोन हजार नऊ साली नवं मशीन आलं, डोळ्याच्या आतला थरन् थर टिपणारं. त्यात रुद्रेशच्या डोळ्याची नस दर फोटोला आणखी विरलेली दिसू लागली. तिसऱ्या फोटोनंतर मशीननं पुढच्या वर्षांची रेघच काढून दाखवली. रेघ सरळ खाली चालली होती. सौंदर्या रुद्रेशकडं वळली.

"मग ते ठिपके कसे दिसत होते तुम्हाला?"

रुद्रेश खजील झाला. "मागाच्या ठेक्यावर बटणावर हात चालायचा ओ... खटाक-खटाक. मला वाटलं, दिसतंय."

डॉक्टर सांगून गेले – थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेली नजर परत यायची नाही. कडेची आधी जाते, मधली शेवटी.

खोलीत दोघंच उरली.

"आण्णांचा हात धरूनच आईचा जन्म गेला," रुद्रेश समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला. "तुमच्यावर ती पाळी आणायची न्हाय, असं ठरवून आलतो. पन... एकदा इचारतोच. येशीला माझ्यासंगं?"

सौंदर्यानं शेजारून नुसता हात पुढं केला.

तो वाट बघत राहिला... बराच वेळ. मग हळूच उठला.

"समजलं. चुकलंच माझं."

हात तिथंच होता – त्याच्या डावीकडं, जिथलं त्याला आता दिसत नव्हतं. रोज लोकांची नजर तपासणाऱ्या पोरीला एवढंही सुचू नये! ती धावत त्याच्या पुढ्यात आली, हात त्याच्या अगदी नाकासमोर धरला.

"ह्यो बघा की! मगापासनं दिलाय..."

रुद्रेशनं तो दोन्ही हातांनी धरला.

"मग आता मधोमधच ऱ्हावा," तो म्हणाला. "ते शेवटी जातंय म्हनं."

सौंदर्या हसायला गेली आणि तिला हुंदकाच फुटला.