हात मागे

"हात मागे, डोळे पुढे, मग लोखंड खाली पडे."

शाळा सुटली की मी थोरल्या भावाचा, दादाचा डबा घेऊन काकांच्या कारखान्याच्या शेडवर जायची. आधी दादाचा हा आवाज यायचा, मग पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दणका. पहिले दोन तुकडे तो झटकन म्हणायचा, तिसरा लांबवायचा. पत्रा वाकायचा, जमीन हलायची, हातातल्या डब्याचं झाकण खुळखुळायचं.

एके दिवशी त्याच प्रेसने त्याचा उजवा हात दंडापर्यंत चिरडला. संध्याकाळी दादाही गेला. पिऊन आला होता, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. आई त्यानंतर चार लोकांत उभी राहिली नाही. प्रेसला दोन बटणं, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबल्याशिवाय लोखंड उतरायचं नाही. मग एक हात आत गेलाच कसा? नशेत माणूस काय वाटेल ते करतो, असं काका म्हणाले.

आता मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या चिपा, हेच माझं पोट. प्रेसचा जुना कंट्रोलर जळाला म्हणून काकांनी बोलावलं, तेव्हा मी गेले. उद्या त्या प्रेसपुढे कुणाचे तरी हात असणार होते.

पुढे कुठल्याही कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम दुरुस्त करता यावा, म्हणून मी कोड चिपच्या भाषेत उतरवणारा, मोफत मिळणारा कंपायलर तिन्हीकडे टाकायला घेतला. काकांचं विंडोज, हिशेबनीस बाईंचा मॅक, माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स. "फुकट ते पौष्टिक," काका हसले. विंडोजला ड्रायव्हर सापडेना, मॅक अनोळखी फाइल उघडेना, लिनक्स पोर्टला हात लावू देईना. तीन सासवांची मनं राखावीत तशी दुपार गेली.

मग पहिला धडा, नव्या बोर्डावरचा दिवा लुकलुकवायचा. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. तेवढा प्रोग्रॅम विंडोजवरून चिपमध्ये घातला.

दिवा झटकन लागला, झटकन लागला, मग लांब.

माझीच चूक असणार. कोड पुन्हा वाचला. मॅकवरून घातला. झटकन, झटकन, लांब. लिनक्सवरून तेच. चिप पूर्ण पुसली, वाचून पाहिली. आत काही नव्हतं. दिवा लागतच होता.

"असं काय करतोय गं तो?" काकांनी विचारलं. त्यांच्या ओठांवरचं हसू गेलं होतं.

मी बोर्डाला वीज देणारी केबल उपटली.

झटकन. झटकन. लांब.

तिकडे प्रेस आदळली. तिला वीज नव्हती, बोर्ड तर माझ्या टेबलावर होता. खाली राहिलेल्या पान्याचे दोन तुकडे झाले. एक माझ्या कपाळाला चाटून दारात रुतला. जखमेतलं रक्त डोळ्यात ओघळलं. लोखंड आपोआप वर गेलं आणि थांबलं.

काका घाबरले, पण कारखानदार होते. लोखंड पुन्हा पडू नये म्हणून त्यांनी जाड लाकडी ठोकळा उचलला. "काका, हात घालू नका," मी म्हणाले. त्यांनी ठोकळा आत सरकवला.

झटकन. झटकन. लांब.

ठोकळा काडीसारखा फुटला. काकांची बोटं गेली. त्यांची किंकाळी पत्र्यावर घुमत राहिली.

मी धावले. लोखंड त्यांच्या मनगटावर टेकून थांबलं होतं. मी तरफ लावली, खांदा लावला. ते तसूभर हललं नाही. दाबही वाढला नाही.

टेबलावरचा दिवा लागला. झटकन.

झटकन.

तिसरा येईना.

काका दिव्याकडे बघत होते. मी हाक मारली, त्यांनी ऐकली नाही. मग ते बोलले, माझ्याशी नाही. शेडमध्ये शेजारी कुणी उभं असावं तसं, हळू.

"तू प्यायला नव्हतास, बाळा. काम भराभर उरकावं म्हणून एक बटण मी आतून कायमचं दाबल्यासारखं जोडून ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं."