न मागितलेला कौल

रत्नागिरीत हल्ली वादळाचा इशारा आला तरी कुणी घरावरचे पत्रे बांधत नसे. समुद्रात गारवा-नौका होत्या. खोलातलं थंड पाणी उपसून त्या वर पसरत. ऊब तुटली की वादळ वाट बदले. वळवायला आपल्या एकट्या देशाच्या नौका पुरत. पार विझवायला मात्र सागरसंघातल्या सगळ्या देशांच्या नौका लागत, आणि सगळ्यांची संमतीही.

त्या संमतीला संघात ‘कौल’ म्हणत. हा शब्द दिला कुंदा परुळेकरने, आणि तेव्हापासून रत्नागिरी केंद्राची प्रमुख हेमांगी सामंत हिच्या पोटात दुखत होतं. दोघी एकाच गावच्या. विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं, आधी देवाला पाकळ्या लावून कौल घ्यायचा, हे दोघींनीही पाहिलेलं. मग सुचलं तिलाच का? आता कुंदा ओमानला, सलालाहच्या संघकेंद्रात मिरवत होती, आणि हेमांगीची सख्खी आईसुद्धा फोनवर तिचंच कौतुक करायची.

आजही सकाळपासून कुंदाचा फोन येत होता. हेमांगीने मोबाइल पालथा ठेवला होता.

“मॅडम, संघाच्या नौका आपल्याकडे येताहेत,” उपप्रमुख इरफान मुकादम म्हणाले. पडद्यावर हिरवे ठिपके कोकणाकडे सरकत होते. त्यांच्यामागे वादळ.

“बोलावलं कुणी?”

“कुणीच नाही. विचारून बघू या का?”

“काही नको! उद्या म्हणतील, कुंदाबाईंनी कोकण वाचवलं.”

तिने दिल्लीला सचिवांना गाठलं. आपल्या किनाऱ्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही, हे नवं धोरण त्यांचंच. “वळवा,” ते लगेच म्हणाले.

“पश्चिमेला ओमान आहे, मॅडम,” मुकादम चाचरले.

“तिथे संघ आहे ना सांभाळायला!”

वादळ वळलं. टाळ्या पडल्या. आता येऊ दे आईचा फोन, असं हेमांगीच्या मनात आलं आणि तिला फार बरं वाटलं.

मुकादम मात्र पडद्याकडेच पाहत होते. “संघाच्या सगळ्या नौका इथेच आहेत. सलालाहपुढे एकही नाही.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने घेतला.

“हेमा,” कुंदाच्या मागे भोंगे वाजत होते. “तू मागूचंस नाय, म्हणान आमी सगळ्यांनी न मागताच कौल दिलो. आमच्यो नौका तुमच्याकडे धाडलंव. एकदा इचारलंस तरी असतंस गो!”

सलालाहला पोचण्याआधी वादळ विझवायला अजून वेळ होता, पण सगळे आले तरच; आणि आधीचा कौल कोकणापुरता होता, आता नवा लागणार होता. पडद्याच्या कोपऱ्यात ‘कौल मागा’ असं बटण होतं. या केंद्रातून ते कधीच दाबलं गेलं नव्हतं. तिने दिल्लीला न विचारता ते दाबलं.

देशांची नावं उमटली. ओमानच्या नावापुढे लगेच हिरवा दिवा लागला. बाकीची नावं तशीच राहिली.

त्यांच्या जागी आपण असतो, तर हा कौल दिला असता?