अठरा पायऱ्यांची चूक

सहा वर्षांत तिने एक्केचाळीस इमारतींचे जिने काढले होते आणि त्यांतला एकही चढली नव्हती. ड्राफ्ट्समनला चढावं लागत नाही. कॅडमध्ये जिना काढायचा म्हणजे एक पायरी आपण काढायची आणि उरलेल्या संगणकाकडून करून घ्यायच्या. दम लागलाच तर त्याच्या पंख्याला लागतो. ऑफिसात तिला ‘मिलीमीटर’ म्हणत. एक कारण तिची उंची. दुसरं असं, की पडद्यावर कुठे रेषेला रेषा भिडली नसेल तर तिला जेवण गोड लागत नसे.

एक्केचाळिसावा जिना ती चढली तो दातांच्या डॉक्टरांमुळे. त्या गुरुवारी दवाखान्यातून बाहेर पडली तेव्हा उजवा गाल बधिर होता, अर्धी रजा शिल्लक होती, आणि रस्त्याच्या टोकाला ओळखीची एक इमारत उभी होती. ओळख अर्थात कागदावरची. तीन महिने रोज पडद्यावर पाहिलेलं कुणी अचानक रस्त्यात भेटावं आणि आपल्यापेक्षा बरंच उंच निघावं, तसं तिला झालं. अजून गिलावा नव्हता, खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी भोकं. पण भोकं तिने काढली तिथेच होती. पाय आपोआप आत वळले.

सतरा पायऱ्या ती राणीच्या दिमाखात चढली. अठरावीला पाय ठेचकाळला, तोल गेला— आणि कुणीतरी कोपराला धरलं.

"सावकाश. कालपासून तुम्ही सातव्या."

धरणाऱ्याच्या हाताला सिमेंट होतं आणि कानावर पेन्सिल. त्याने कोपर सभ्यपणे सोडलं, ती अजून डुलतेय हे पाहून तितक्याच सभ्यपणे परत धरलं.

"फ्लॅट बघायला आलात?"

बधिर जबड्याला त्या क्षणी एकच अक्षर जमण्यासारखं होतं.

"हं," ती म्हणाली. पुढचा सगळा घोळ त्या एका अक्षराचा.

तो साइट इंजिनीअर होता. सपाटी तपासायची पाणसळ तो जेवतानाही हातातून खाली ठेवत नसे, म्हणून गवंडी त्याला लेव्हलसाहेब म्हणत. त्याने तिला जिना दाखवला, एखादा वाया गेलेला भाऊ दाखवावा तसा.

"बाकी सगळ्या पायऱ्या सतरा सेंटिमीटर. शेवटची पस्तीस. माणूस चढेल की घोडा?"

"अशं... कशं झालं?"

"ज्याने ड्रॉइंग काढलं त्याला विचारा. तळमजल्यावर जन्मलेला असणार, आणि तिथेच वाढलेला." तो हसला, पण अर्धवटच. "ड्रॉइंगवर सतरा लिहिलं होतं, मी सतरा बांधलं. आमच्यात ड्रॉइंगला पट्टी लावून मोजायचं नसतं. लिहिलेलं मानायचं. आता त्यांचं ऑफिस म्हणतं, अठराच लिहिलं होतं. सोमवारी मीटिंग आहे. मालक म्हणतात, ज्याची चूक त्याने घरी जायचं."

ती एकेक पायरी मोजत खाली उतरली आणि दोनदा मोजणं चुकली. या वेळी दोष इंजेक्शनचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांआधी येऊन फाइल उघडली आणि पायरीच्या आकड्यावर क्लिक केलं. कॅडचा स्वभाव मुळात प्रामाणिक. रेष ताणली की तिच्यावरचा आकडा आपोआप बदलतो. तुम्हाला काय वाटतं ते तो विचारत नाही. पण माणसाची सोय म्हणून एक वाईट गोष्ट त्यात ठेवलेली आहे: मोजलेला आकडा पुसून त्या जागी आपल्याला हवा तो टाइप करता येतो. मग खालची रेष ताणा, आखडा, काही करा— तो आकडा बदलत नाही.

हा आकडा टाइप केलेला होता.

आणि तो तिनेच केला होता. तिला आता लख्ख आठवलं. पायरी भरत होती एकशे एकोणसत्तर पूर्णांक अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. ते दोन शतांश दिवसभर तिच्या डोळ्यांत खुपले; संध्याकाळी तिने सरळ एकशे सत्तर टाइप केलं आणि समाधानाने घरी गेली. तीन आठवड्यांनी मालकांना खालची दुकानं उंच हवी झाली. मजला अठरा सेंटिमीटरने वाढला, अठराही पायऱ्या एकेक सेंटिमीटर उंच झाल्या, सगळे आकडे गुणी मुलांसारखे बदलले. हा एक नाही बदलला. नीटनेटकेपणाचं हे असं असतं.

ती मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, जिन्याची चूक आपली आहे."

"आपली म्हणजे?"

"माझी."

"मग आपली का म्हणतेस?" मोठे साहेब वाईट नव्हते, फक्त बाहेरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं. त्यांनी चष्मा पुसला. "टाइप केलेलं काढून टाक. खरा आकडा येऊ दे. तारीख जुनीच राहू दे."

"साइटवर प्रिंट आहे. तिच्यावर सतरा छापलंय."

"होतं. जिन्यावर पाणी मारताना भिजली ती. आता तिथे सतरा आहे की अठरा, ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही."

"आणि तो इंजिनीअर?"

"तरुण आहे. मिळेल त्याला दुसरीकडे." साहेबांनी चष्मा लावला आणि ती त्यांना नीट दिसली. "तुला मात्र मिळणार नाही हं. जिना चुकलेली ड्राफ्ट्समन कुणी ठेवत नाही."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तशी ती साइटवर गेली. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून. वाटेत तिने वाक्य तीनदा पाठ केलं. पण जिन्याच्या टोकाशी येऊन पाहते तो, त्या उंच पायरीपुढे फळ्यांची एक छोटी पायरी ठोकलेली. कडा घासलेल्या, बोटाला कुसळ लागू नये इतक्या.

"गुरुवारी तुम्ही गेल्यावर केली," तो वरून म्हणाला.

"आधीचे सहा जण अडखळले तेव्हा नाही केलीत?"

"त्यांतले पाच गवंडी होते. सहावे मालक." तो बाजूला सरकला. "आज बोलता छान येतंय तुम्हाला."

"त्या दिवशी दात काढला होता."

"हो का. मला वाटलं, लाजताय."

पाठ केलेलं वाक्य तिथेच विरघळलं. त्याने तिला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. ही बैठकीची खोली, इथे स्वयंपाकघर, इथे वॉशिंग मशीन. तीही प्रत्येक ठिकाणी "अच्छा... इथे होय," म्हणत राहिली. आपल्याच घरात पाहुणी म्हणून हिंडणं कठीण असतं. दोनदा ती त्याच्याआधी वळली. शेवटच्या खोलीत मात्र तोच थांबला.

"या ड्रॉइंगवाल्याचा मला राग आहे," तो म्हणाला, "पण ही खिडकी... ही काढणाऱ्याला एकदा भेटायचंय."

"कशासाठी?"

"विचारायचंय. बाकीच्या खिडक्या भिंतीच्या मधोमध, हीच एक कोपऱ्यात का?"

संध्याकाळचं ऊन त्या चौकोनातून आत येऊन त्याच्या धुळकट बुटांवर पडलं होतं. सहा वर्षांत तिच्या खिडकीविषयी कुणी काही विचारलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, पण ते "ही मध्ये का नाही घेतलीस" असं.

"कुणाला तरी कोपऱ्यात पाय दुमडून वाचत बसता यावं... म्हणून असेल," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "खालची भिंतसुद्धा बघा ना, नऊशेऐवजी साडेचारशेच ठेवलीय."

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"हो," तो हळूच म्हणाला. "साडेचारशेच."

"मला तुम्हाला एक सांगायचंय—"

"सोमवारनंतर सांगा."

"नाही, ते सोमवारच्या आधीच—"

"आज नको. आज चहा घेऊ." आणि तो ग्लास आणायला गेला. परतायला त्याला दोन ग्लासांना लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

रविवारी तिने बाबांना विचारलं. बाबा निवृत्त शिंपी. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कपडा कधी बिघडला नव्हता. गिऱ्हाइकाचीच तब्येत सुधारलेली असायची.

"बाबा, आपली चूक आपण होऊन कुणाला सांगितलीत कधी?"

"वेड लागलंय? धंदा करायचा होता मला."

"एकदाही नाही?"

बाबांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न सोडला. "एकदा. एका मुलीच्या ब्लाउजची बाही आखूड झाली. तिने कुरकूरही केली नाही, गुपचूप घेऊन निघाली. मलाच राहवलं नाही. रस्त्यात गाठून सांगितलं."

"मग?"

"मग काय. तुझी आई आतून ऐकतेय, जा विचार."

सोमवारची मीटिंग साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत होती. मालक मोबाइल उलटा ठेवून बसले होते, म्हणजे रागावले होते. मोठे साहेब आत आले, मागून लॅपटॉप घेऊन ती. साहेब म्हणाले, "ही आमची ड्राफ्ट्समन. फाइल दाखवेल."

तो समोरच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग पाणसळीकडे पाहिलं, जणू पाणसळीतला बुडबुडा हलला होता.

तिने फाइल उघडली. जुनी, होती तशीच. आकड्यावर क्लिक केलं.

"हा सतराचा आकडा मोजलेला नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "मी टाइप केलाय. मजला वाढवल्यावर तो बदलला नाही, आणि मी पाहिलं नाही. यांनी जे लिहिलं होतं तेच बांधलं. चूक माझी."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला; त्यांना पुढचं काही बघायचं नव्हतं. मालक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ड्रॉइंगमधलं त्यांना कळत नव्हतं, पण चूक स्वतःहून कबूल करणारं माणूस त्यांनी या धंद्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि याला काय शिक्षा असते तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"जिना तोडायला लागेल?"

"सगळा," ती म्हणाली.

"मग तुम्ही इथे उभ्या राहा. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. बांधून झाल्याशिवाय ऑफिसात जायचं नाही. काय साहेब?"

"नंतरही यायची गरज नाही," मोठे साहेब म्हणाले.

"मग माझ्याकडेच राहू दे." मालकांनी मोबाइल सुलटा केला. मीटिंग संपली.

तो बाहेर तिची वाट बघत होता. की नव्हता, पण जात तरी नव्हता.

"मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं आधीच."

"मला शनिवारीच कळलं होतं."

"कसं?"

"फ्लॅट बघायला येणारी माणसं फुटांत बोलतात. खिडकीखाली साडेचारशे आहे, असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही."

"मग आज आत बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती."

"तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं." त्याने पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. "नाही, खोटं बोललो. तुम्ही सांगितलं नसतंत तरी मी सांगणार नव्हतो."

तिला कुठेतरी बसावंसं वाटलं, आणि आसपास सिमेंटच्या पोत्यांखेरीज काही नव्हतं.

बुधवारी दुपारपर्यंत जिना उरला नाही. नुसता ढिगारा आणि वरपर्यंत मोकळी पोकळी. नव्या जिन्यासाठी मजल्याची उंची पुन्हा मोजायची होती. तो मागच्या बांबूंच्या परांचीवरून वर गेला, टेपचं टोक त्याने खाली सोडलं, तिने ते जमिनीवर टेकवून धरलं.

"तीनशे चोवीस," तो वरून म्हणाला.

"पुन्हा बघा."

"तीनशे चोवीसच." टेप तसाच ताणलेला राहिला. "आणि... अजून एक होतं."

"काय?"

"मला तुम्ही आवडता. मीटिंगच्या आधीपासून. म्हणजे, गिऱ्हाईक होतात तेव्हापासूनच."

ढिगारा फोडणारे घण थांबले. तिने मागे वळून पाहिलं. मिस्त्री आणि चार गवंडी अतिशय लक्षपूर्वक ढिगाऱ्याकडे बघत होते.

"मिस्त्री ऐकतायत," ती वर बघून म्हणाली.

"आम्हाला घणाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ताई," मिस्त्री म्हणाले.

"खाली येऊन बोला ना," ती म्हणाली.

"परांचीवरून यायला वेळ लागेल. आणि खाली पोचेपर्यंत माझा धीर सुटेल."

तिने टेप सोडला. भिंतीला टेकवलेली शिडी आणून उभी केली, ओढणी कमरेला खोचली आणि चढायला लागली. मिस्त्रींनी न सांगता शिडी धरली.

"सावकाश, ताई. या शिडीचं ड्रॉइंग कुणी काढलेलं नाही."

वरून सिमेंटने माखलेला एक हात खाली आला. तिने तो धरला, वर पोचली, आणि सोडायचं राहून गेलं.

"मलाही," ती म्हणाली. एवढंच, पण त्याला पुरलं.

"साहेब, पलीकडच्या भिंतीला शिडी लागतेय," मिस्त्रींनी खालून विचारलं. "नेऊ का?"

कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी ती नेली.